बोअर शेळीची वंशावळ : एका बोकडाच्या कागदावरून

(१)
मागच्या दिवाळीत मामाने माझ्यासमोर एक कागद ठेवला आणि विचारले, "तू जुनी कागदं वाचतीस न्हवं? मग ह्यो खरा का खोटा, तेवढं सांग."

मोडी शिकणाऱ्या विद्यार्थिनीला हा प्रश्न अपरिचित नाही. वतनाचा, इनामाचा कागद घेऊन कोणी ना कोणी येतच असते. मामाचा कागद मात्र एका बोकडाच्या वंशावळीचा होता. तो तपासण्यासाठी जे वाचावे लागले, ते या धाग्यात क्रमाने मांडते. विषय शेळीचा आहे, पण त्याची वाट केप, बर्लिन आणि फलटण अशी जाते. वाचकांनी थोडा धीर धरावा.

(२)
मामा माण तालुक्यात राहतो. तिकडे पाऊस भरवशाचा नाही, म्हणून शेळी हीच बँक. आजीच्या सात उस्मानाबादी शेळ्या विकून आणि वर थोडे उसने घेऊन मामाने पैदाशीचा एक बोकड आणला. अंग पांढरे, डोके तांबडे, कान लोंबते. सोबत मिळालेल्या छापील कागदावर लिहिले होते : 'आफ्रिकन बोअर, ८७.५ टक्के'. खाली बापाचा बिल्ला क्रमांक, आईचा क्रमांक, आजीची जन्मतारीख, विकणाऱ्याचा शिक्का.

पुढे त्या बोकडाची करडे झाली. ती पाहून शेजाऱ्याने "तुला फसवलं" असे म्हटले आणि मामाची झोप उडाली. टक्क्यांचा अर्थ काय, ते ठरवतो कोण आणि असा कागद पहिल्यांदा कोणी व कशासाठी लिहिला, हे प्रश्न तिथून सुरू झाले.

(३)
'बोअर' म्हटले की आपल्याला १८९९ ते १९०२ चे बोअर युद्ध आठवते. डच भाषेत या शब्दाचा अर्थ 'शेतकरी' एवढाच आहे. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांना तो शब्द चिकटला आणि त्यांच्या शेळीलाही. आज मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या शेळ्यांत ही जात जगभर पहिल्या रांगेत धरली जाते. पूर्ण वाढलेला बोअर नर १०० किलोंच्या पुढे जातो. आपला उस्मानाबादी बोकड साधारण ३० ते ४० किलोंचा असतो. मामाला मोह का पडला, ते या दोन आकड्यांवरून कळावे.

(४)
शेळीचा रानटी पूर्वज आफ्रिकेतला नाही. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी झाग्रोस पर्वत आणि आग्नेय अनातोलिया या पट्ट्यात माणसाने रानबोकड माणसाळवला. तिथून पशुपालकांच्या पावलांनी शेळी आफ्रिका खंडात शिरली आणि हळूहळू दक्षिणेकडे सरकली. दक्षिण टोकाला ती पाळणारे लोक म्हणजे खोइखोई, त्यांपैकी विशेषतः वायव्येकडच्या कोरड्या मुलखातले नामा, आणि पूर्वेकडून आलेले बांटूभाषक समाज. आज बोअर शेळीचे जे गुण सांगितले जातात, म्हणजे काटेरी झुडपांवर जगणे, उन्हात लांब चालणे, रोगराईला सहज न बळी पडणे, त्यांची निवड याच लोकांच्या हातून शतकानुशतके होत होती. त्यांनी ती कुठे लिहून ठेवली नाही. लिहिण्याची गरज असणारा समाज अजून तिथे यायचा होता.

(५)
१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने यान व्हान रीबेक याच्या नेतृत्वाखाली केपच्या किनाऱ्यावर ठाणे घातले. जहाजांना ताजे मांस हवे होते आणि जनावरे खोइखोई लोकांकडे होती. सुरुवातीला देवघेव झाली. पुढे कुरणांवरून लढाया झाल्या. १७१३ च्या देवीच्या साथीने केपजवळच्या खोइखोई टोळ्यांची दाणादाण उडाली. जमीन गेली, कळप गेले आणि बरेच लोक वसाहतवाल्यांच्या शेतांवर गुराखी म्हणून राबू लागले. शेळ्या त्याच होत्या, राखणारे हातही पुष्कळदा तेच होते, फक्त मालक बदलला. पुढे युरोपातून आणि बहुधा हिंदुस्थानातून जहाजांवर आलेल्या शेळ्यांचे रक्त या कळपांत मिसळले, असे अनेक अभ्यासक मानतात. बोअरचे लोंबते कान आणि फुगीर नाक पाहून त्यांना आपल्याकडच्या शेळ्या आठवतात.

(६)
मग या शेळीला वेगळे नाव देण्याची गरज कधी पडली? दुसरी शेळी आली तेव्हा. १८३८ मध्ये तुर्कस्तानातून अंगोरा जातीचे १२ बोकड आणि १ शेळी दक्षिण आफ्रिकेत आणली गेली. अंगोराच्या केसांपासून मोहेर तयार होते आणि त्याचा मक्ता तुर्कस्तानला सोडायचा नव्हता. म्हणून ते बाराही बोकड आधीच निर्बीज करून पाठवले होते, असे सांगतात. ती एकुलती शेळी मात्र गाभण होती. तिला नर करडू झाले आणि मक्ता मोडला.

केसांसाठी पाळायची ती अंगोरा. शेतकऱ्याच्या दारची, मांसासाठी पाळायची ती 'बुर-बोक', म्हणजे शेतकऱ्याची शेळी. आपल्याकडे बाहेरची कोंबडी आल्यावर घरच्या कोंबडीला 'गावरान' हे नाव मिळाले, तसाच हा प्रकार.

(७)
विसाव्या शतकाच्या आरंभी ईस्टर्न केप भागातल्या काही शेतकऱ्यांनी या गावरान शेळीतून ठरावीक गुणांची निवड सुरू केली. कृती सोपी होती, चिकाटी मात्र फार लागे. कळपातला छातीने रुंद, मांड्यांनी भरलेला, लवकर वाढणारा नर ठेवायचा आणि बाकीचे विकायचे. जुळी देणाऱ्या आणि दोन्ही पिलांना पुरेल एवढे दूध असणाऱ्या माद्या राखायच्या. आखूड केस पसंत करायचे. पांढरे अंग आणि तांबडे डोके ही ओळख त्यातूनच पक्की होत गेली. झुडपांच्या मुलखात दूरवरून पांढरे जनावर पटकन दिसते, हा त्यातला व्यवहार.

निवडीला पन्नासएक वर्षे लोटल्यावर एकाच नावाखाली पाच प्रकार ओळखले जात होते : साधी, लांब केसांची, बिनशिंगी, स्थानिक आणि 'सुधारित' बोअर.

(८)
४ जुलै १९५९ रोजी सॉमरसेट ईस्ट या गावी बोअर शेळी पाळणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. तिने जातीचे मानक लिहून काढले. डोके कसे असावे, नाकाचा बाक किती, शिंगांची ठेवण कशी, जबडा जुळतो की नाही, शेपटीखालच्या उघड्या कातडीला रंग आहे की नाही, इथपर्यंत. शेवटची अट विचित्र वाटते, पण तिला कारण आहे. कडक उन्हात रंगहीन कातडी भाजते आणि तिथे रोग होतात.

१९५९ पूर्वी आणि नंतर कळपांत तीच जनावरे होती. फरक एवढाच पडला की 'बोअर कोणती' हे ठरवण्याचा अधिकार आता एका लिखित मजकुराकडे आला.

(९)
जनावरांची वंशावळ छापण्याची कल्पना त्याहून जुनी, इंग्लंडातली. १७९१ मध्ये शर्यतीच्या घोड्यांच्या 'जनरल स्टड बुक'चा आरंभ झाला. १८२२ मध्ये जॉर्ज कोट्स याने शॉर्टहॉर्न गुरांची नोंदवही प्रसिद्ध केली. त्याआधी रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) याने मेंढ्या-गुरांच्या जवळच्या नात्यांत संकर करून हवे ते गुण पक्के करण्याची पद्धत रूढ केली होती आणि आपले मेंढे तो हंगामापुरते भाड्याने देत असे. जनावराच्या 'रक्ताला' बाजारभाव आला. भाव आला की लबाडी येते, आणि लबाडी आली की नोंदवही लागते. वतनाला किंमत होती म्हणून आपल्याकडे बनावट वतनपत्रे झाली. कारण तेच.

(१०)
अशा वहीत दोन प्रकारची माहिती असू शकते. पहिली : हे जनावर कोणाचे. दुसरी : या जनावराने काय केले. किती दिवसांत किती वजन भरले, किती पिले दिली, किती जगवली. पहिली स्मृती, दुसरी कसोटी.

दक्षिण आफ्रिकेने १९७० मध्ये बोअर शेळीला मेंढ्या-शेळ्यांच्या राष्ट्रीय चाचणी योजनेत घेतले. दूध सुटताना वजन किती, त्यानंतरची वाढ किती, एका नराच्या अपत्यांची सरासरी काय, असे सगळे मोजले जाऊ लागले. बोअर जगात नावारूपाला आली, यात या तराजूचा वाटा मोठा आहे. पण तराजू किचकट असतो. समुद्रापलीकडे शेळी गेली तेव्हा तिच्यासोबत तराजूपेक्षा टक्केवारी अधिक वेगाने गेली.

(११)
१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बोअरचे गोठवलेले भ्रूण न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात पोहोचले. दीर्घ विलगीकरणानंतर तिथून १९९३ मध्ये ही शेळी अमेरिकेत उतरली आणि त्याच वर्षी अमेरिकन बोअर गोट असोसिएशन उभी राहिली. सुरुवातीच्या तेजीत एकेक जनावर हजारो डॉलरांना विकले गेले. जनावरे थोडी आणि मागणी अफाट. तेव्हा उपाय एकच होता : स्थानिक माद्यांवर बोअर नर सोडायचा आणि पिढीगणिक बोअरचा वाटा मोजायचा.

(१२)
हिशेब असा. स्थानिक मादी आणि शुद्ध बोअर नर यांचे अपत्य ५० टक्के. त्या मादीला पुन्हा शुद्ध नर, की ७५. मग ८७.५, मग ९३.७५, मग ९६.८७५. अमेरिकी नोंदवहीत हे आकडे ८८, ९४, ९७ असे लिहितात. मादी ९४ ला आणि नर ९७ ला पोहोचला की त्याला 'प्युअरब्रेड' म्हणतात. 'फुलब्लड' मात्र तोच, ज्याचे सगळेच्या सगळे पूर्वज मूळ दक्षिण आफ्रिकी कळपांतले असल्याची नोंद आहे. प्युअरब्रेडचा वंश शंभर पिढ्या चालला तरी तो फुलब्लड होत नाही. अर्धे-अर्धे अंतर कापत जाणारा प्रवासी मुक्कामी पोहोचत नाही, त्यातला हा हिशेब.

मामाच्या कागदावरचे '८७.५' या शिडीची तिसरी पायरी होते. मामाला ते शंभरपैकी मिळालेले गुण वाटत होते.

(१३)
इथे आपल्या भाषेकडे थोडे वळून पाहू. शेळीच्या प्रकाराला मराठीत आपण 'जात' म्हणतो आणि उत्तम जनावराला 'जातिवंत'. बियाणे 'संकरित' म्हटले की शेतकरी आनंदाने पिशवी उचलतो. 'वर्णसंकर' म्हटले की धर्मशास्त्रात प्रलयाची भाषा सुरू होते. जनावरांचे आणि माणसांचे शब्द एकाच पेटीत ठेवलेले आहेत, आणि ही सवय एकट्या मराठीची नाही. शेळीच्या ज्या मुलखाची गोष्ट आपण वाचत आहोत, तिथेच हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले. म्हणून आता शेळी क्षणभर बाजूला ठेवून नामा लोकांकडे परत जायला हवे.

(१४)
डच वसाहतवाले पुरुष आणि नामा स्त्रिया यांच्या संततीतून केपमध्ये एक समाज तयार झाला. वसाहतवाले त्यांना 'बास्टर' म्हणत. हा शब्द मुळात संकरित जनावरासाठीही वापरला जाई. त्या लोकांनी तो अभिमानाने स्वतःचे नाव म्हणून स्वीकारला. १८७० च्या सुमारास ते ऑरेंज नदी ओलांडून आजच्या नामिबियात रेहोबोथला वसले आणि त्यांनी स्वतःचे कायदे केले. पुढे तो मुलूख जर्मनीची वसाहत झाला. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. ज्यांच्या कळपांतून बोअर शेळीचा उगम झाला, त्या लोकांच्या वाट्याला हे आले.

(१५)
१९०८ मध्ये ऑयगेन फिशर हा जर्मन मानवशास्त्रज्ञ रेहोबोथला पोहोचला. त्याने बास्टर कुटुंबांच्या वंशावळी गोळा केल्या, डोकी मोजली, केस आणि डोळ्यांचे रंग नोंदवले आणि मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम माणसाला लागू पडतात, असे दाखवण्याचा प्रयत्न केला. १९१३ मध्ये त्याचे पुस्तक आले. वंशावळी नोंदवून तो थांबला नाही. युरोपीय लोकांनी 'हीन' मानलेल्या वंशांशी रक्तसंबंध ठेवू नयेत, असा राजकीय निष्कर्षही त्याने त्यातून काढला. ही मोजणी कशी सरकते ते पाहावे : हे मूल कोणाचे, या प्रश्नापासून सुरुवात होते आणि या मुलाची किंमत किती, इथे शेवट होतो. या दोन प्रश्नांमधली कसोटीची पायरी कोणी चढलेलेच नसते.

(१६)
फिशर १९२७ पासून बर्लिनच्या कायझर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचा संचालक होता. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आजी-आजोबांपैकी किती जण ज्यू यावरून माणसाचे नागरिकत्व आणि विवाह ठरवले. तीन किंवा चार असतील तर ज्यू. दोन किंवा एक असेल तर वेगवेगळ्या दर्जाचे 'मिश्र'. दक्षिण आफ्रिकेत १९४९ मध्ये गोरे आणि इतर यांच्यातल्या विवाहांवर बंदी आली आणि १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक नागरिकाची वांशिक वर्गवारी सरकारी नोंदीत चढली. नऊ वर्षांनी त्याच देशात शेळीची संघटना स्थापन झाली. शेळीच्या नोंदवहीने माणसांची नोंदवही जन्माला घातली, असे कोणी म्हणू नये. तसा पुरावा नाही. दोन्ही वह्यांची रेघ मात्र सारखी होती. एका ठरावीक दिवशी दार लावायचे आणि त्या दिवशी जे आत होते त्यांना 'मूळ' म्हणायचे. आतल्यांच्या पूर्वजांत कोण कोण मिसळले होते, ते दार लावल्यावर विचारायचे नाही.

(१७)
फिशरच्या त्याच संस्थेत १९२०च्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून एक तरुण विद्यार्थिनी आली : इरावती कर्वे. गोऱ्यांच्या कवटीची असममिती इतर वंशांपेक्षा निराळी असते आणि तिचा संबंध त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशी आहे, अशा कल्पनेची तपासणी त्यांच्या प्रबंधात व्हायची होती. इरावतीबाईंनी युरोपीय आणि युरोपाबाहेरच्या कवट्या मोजल्या आणि वंश व असममिती यांचा तसा संबंध दिसत नाही, असे लिहिले. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, परक्या देशात, पंचविशीच्या आतबाहेर असताना. माझे वय तेवढेच आहे, म्हणून हे वाक्य लिहिताना हात थोडा थांबला.

पुढे भारतात त्यांनीही माणसे मोजली. त्या काळच्या मानवशास्त्राची ती पद्धतच होती आणि तिच्यावर टीकाही झाली आहे. पण मोजणे आणि मोजण्याआधीच निकाल लावणे या दोहोंतला फरक त्यांच्या प्रबंधात स्वच्छ दिसतो.

(१८)
आता शेळीकडे परत येऊ, कारण वाट खरोखरच परत येते. इरावतीबाईंची कन्या म्हणजे लेखिका जाई निंबकर. त्यांचे पती बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. याच संस्थेने १९९० च्या दशकात गोठवलेल्या भ्रूणांच्या रूपाने बोअर शेळी भारतात आणली. म्हणजे ज्या नामा लोकांच्या मुलखात फिशरने माणसांच्या वंशावळी गोळा केल्या, तिथल्या शेळीचे वंशज त्याच्या मताला छेद देणाऱ्या शिष्येच्या लेकीच्या गावी, माणदेशाच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचले. हा योगायोग आहे. योगायोगाला इतिहासात पुराव्याचा दर्जा नसतो, आणि मीही त्याला तो देत नाही. तरीही मामाच्या अंगणात त्या तांबड्या डोक्याच्या जनावरासमोर उभी असताना तो मला आठवत राहिला.

(१९)
आपल्याकडची नोंदणी कशी चालते, तेही पाहू. कर्नालला १९८४ पासूनची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था देशी जातींची नोंद ठेवते. महाराष्ट्रातल्या उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी या शेळ्या तिच्या यादीत आहेत. ही जातीची नोंद झाली. एखाद्या जनावराची वंशावळ ही वेगळी गोष्ट. त्यासाठी जन्माच्या दिवशी कानात बिल्ला मारून आईबापाची नोंद करणारा कोणीतरी हजर असावा लागतो. फलटणच्या संस्थेने अखिल भारतीय शेळी सुधार प्रकल्पात उस्मानाबादी शेळीचे असे काम गावोगावच्या कळपांत केले आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या 'बोअर'बाबत मात्र घेणाऱ्याच्या हाती बहुधा विकणाऱ्याचा कागद एवढाच पुरावा असतो.

(२०)
तेव्हा मामाचा कागद. ऐतिहासिक दस्तऐवजाचे परीक्षण दोन प्रकारे करतात. बाह्य परीक्षणात कागद, शाई, अक्षर, शिक्का पाहतात. अंतर्गत परीक्षणात मजकूर स्वतःशी जुळतो की नाही, ते पाहतात. बनावट वतनपत्र पुष्कळदा तिथीवर पकडले जाते. शुहूर सन एक सांगतो, शक दुसरे आणि वार तिसरेच.

कागदावर ५० टक्क्यांच्या आजीची जन्मतारीख होती. मधल्या ७५ टक्क्यांच्या आईची नव्हती. बोकडाची होती. आजी आणि नातू यांच्या जन्मांतले अंतर १९ महिने. शेळी गाभण राहते सुमारे १५० दिवस, म्हणजे पाच महिने. मादी करडू फार लवकर म्हटले तरी आठव्या महिन्याआधी भरवत नाहीत. एका पिढीला किमान १३ महिने लागणार. दोन पिढ्यांना २६. एकोणीस महिन्यांत ही वंशावळ घडणे शक्यच नव्हते. एकतर तारीख खोटी होती किंवा टक्के. मधली आई कागदावर तारखेविना का उभी होती, तेही उघड झाले.

(२१)
मी हे मामाला बोटे मोजून समजावले. तो बराच वेळ गप्प राहिला. पैसे परत मिळणार नव्हते. विकणाऱ्याचा फोन केव्हाच बंद झाला होता. मग मामा म्हणाला, "म्हंजी कागद खोटा. पण बोकड तर खरा हाय का न्हाई?"

या प्रश्नाचे उत्तर अभिलेखागारात नव्हते. ते गोठ्यात होते. आम्ही बाजारातून ताणकाटा आणला, जुन्या पोत्याची झोळी केली आणि तीन महिन्यांची करडे एकेक करून लटकवली. काही करडे गावरानापेक्षा चांगली भरली. काही तेवढीच. सगळ्यांत भारी करडू निघाले ते विकायची राहून गेलेल्या एका म्हाताऱ्या काळ्या शेळीचे. तिने दोन दिली होती आणि दोन्ही जगवली होती. बोकड ८७.५ टक्क्यांचा असो किंवा ५० चा, त्या करडाच्या वजनात निम्मे तरी श्रेय त्या काळीचे होते. कागदावर तिच्यासाठी रकाना नव्हता.

(२२)
वजने लिहायला वही काढली. पहिला रकाना आईचा करायचा ठरला, आणि तिथे आजी बोलू लागली. आजीला लिहिता-वाचता येत नाही. ही काळी मोरीची, मोरी चांदीची, चांदी कोणत्या दुष्काळात कोणाकडून आली, तिला किती वेत झाले, कोणते पिलू कशाने गेले, हे सगळे तिने न अडखळता सांगितले. विकलेल्या सात शेळ्यांच्या आयाही तिने सांगितल्या. मामा मान खाली घालून लिहीत होता.

आमच्या घरी दर काही वर्षांनी हेळवी येतो. बैलावर बसून आलेल्या त्याच्या बापाची आठवण मामाला आहे. त्याच्या वहीत आमच्या कुळाच्या कित्येक पिढ्या आहेत, बापाकडून लेकाकडे. आजीचे नाव त्यात नाही. तिच्या सासूचेही नाही. शेळीच्या नोंदवहीत आईवाचून नोंदच होत नाही, हे मी आजीला सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "शेरडाला कळतं की."

(२३)
या धाग्यातून एक गोष्ट सोबत न्यावी, अशी इच्छा आहे. कोणतीही वंशावळ पुढ्यात आली, बोकडाची असो वा घराण्याची, तर तिला तीन प्रश्न विचारावेत. ही वही कोणत्या दिवशी उघडली आणि तेव्हा दार कोणी लावले? तिच्यात कोणाची नावे नाहीत? आणि तिच्यातल्या मोठेपणाची कसोटी कोणी कधी घेतली होती का? बोअर शेळीच्या वहीला हे प्रश्न विचारले तर पहिल्याचे उत्तर सॉमरसेट ईस्ट, दुसऱ्याचे नामा आणि खोइखोई गुराखी; तिसऱ्याचे उत्तर मात्र त्या वहीच्या बाजूने जाते, कारण तिच्यामागे तराजू होता. माणसांच्या वह्यांना तिसरा प्रश्न विचारला की त्या गप्प होतात.

मामाच्या वहीत आता अकरा करडांची नोंद आहे : जन्मतारीख, आई, तीन महिन्यांचे वजन, सहा महिन्यांचे वजन. टक्क्यांचा रकाना नाही. आम्हाला माहिती देणाऱ्याचे नाव नोंदवायला शिकवले जाते, म्हणून पहिल्या पानावर 'माहिती सांगणार' असे लिहून पुढे मी आजीचे पूर्ण नाव लिहिले आहे.